बोल्ट काय म्हणतो

त्या गावात प्रत्येक घराच्या छताला एक बोल्ट लोंबकळत असे. साधा, लोखंडी, करंगळीएवढा. डोक्याखाली दोऱ्याची गाठ, बाकी काही नाही. नव्या पाहुण्याला वाटे, दिवा लावायचा राहून गेला असेल. मग जेवता जेवता घरातलं कुणीतरी मान वर करून बोल्टकडे बघे, पुन्हा ताटात बघे, आणि पाहुण्याचा घास हातातच राही.

ही पद्धत बाईंनी सुरू केली होती आणि बाईंना तिचा फारसा अभिमान नव्हता.

बाई माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. भूकंप झाला त्या वर्षी सारं गाव मैदानावर तंबूंत राहत होतं. मोठा धक्का एकदाच येऊन गेला. लहान धक्के महिनोन्‌महिने येत राहिले, आणि त्यांच्या मधल्या वेळात न आलेले धक्के येत राहिले. माणूस चहा पीत बसलेला असे. एकाएकी त्याला जमीन डोलल्यासारखी वाटे. तो कप टाकून बाहेर धावे, त्याच्यामागे त्याचा तंबू, त्यामागे शेजारचे दोन. बाहेर सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. मग कुणीतरी विचारी, "बाई, हाललं का हो?" जणू बाई शास्त्र शिकवतात म्हणजे हलण्यापूर्वी जमिनीनं त्यांची परवानगी घेतली असणार.

बाईंना उत्तर ठाऊक नसे, कारण हललेलं त्यांनाही वाटत असे. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, ती मोठ्या धक्क्यानंतर बराच काळ खोट्या बातम्या देत राहते, असा एक तर्क त्यांनी वाचला होता. डोक्याला पटलेली गोष्ट पायांना पटेलच असं नाही, हे मात्र त्यांना तंबूत कळलं. एका सकाळी चौथ्यांदा चहा सांडल्यावर त्यांनी ढिगाऱ्यातून एक बोल्ट उचलला, तंबूच्या आडव्या दांडीला दोऱ्यानं टांगला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "यापुढे मला विचारायचं नाही. याला विचारा. हा हलला तर जमीन हलली. हा स्थिर असेल तर तुम्ही हललात. आता बसा."

लोक बसले. भूकंपमापक म्हणून तो बोल्ट सुमार होता. बारीक थरथर त्याला कळत नसे, वारा मात्र लगेच कळे. तरी त्याच्यात एक गुण होता. तो 'हो' म्हणू शकत होता आणि 'नाही'ही म्हणू शकत होता, आणि बहुतेक वेळा तो 'नाही' म्हणे. थोड्याच दिवसांत प्रत्येक तंबूत बोल्ट आला. पुढे घरं बांधली गेली तेव्हा सामानाआधी बोल्ट आत गेला. रस्त्यात भेटणारी माणसं 'कसं काय' विचारण्याऐवजी "बोल्ट काय म्हणतो?" विचारू लागली, आणि "गप्प आहे" हे उत्तर आलं की पुढे निघू लागली. एखादा "आज माझाच बोल्ट हलतोय" म्हणाला, तर त्याला कुणी हसत नसे. संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी त्याच्या दारात येऊन बसे. 'पायाखालची जमीन सरकली' असं मात्र त्या गावात बोलण्याच्या ओघात कुणी म्हणत नसे. तिथं तो वाक्प्रचार उरला नव्हता.

बाईंना खटके ते पुढचंच. एका सराफानं चांदीचे बोल्ट विकायला काढले, तेव्हा बाई दुकानात जाऊन त्याला म्हणाल्या, "लोखंड असो की चांदी, आंदोलनाचा काळ दोऱ्याच्या लांबीवर ठरतो. सातवीच्या पुस्तकात आहे. तुम्ही माझ्याच वर्गात होता."

"होतो ना बाई," सराफ म्हणाला, "मागच्या बाकावर."

*

बाईंच्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे वन्सं, पत्र्याच्या शेडमध्ये शिवणाचं दुकान चालवत. शाळेचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी, शर्टांच्या कॉलर उलटवणं, पडेल ते काम. त्यांचा नवरा स्लॅबखाली गेला होता. त्या दिवसापासून वन्संनी काँक्रीटच्या छताखाली पाऊल टाकलं नव्हतं. बँकेचं काम त्या खिडकीच्या गजांतून करत. भावाच्या घरी आल्या तर अंगणात खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच स्वयंपाकघरातल्या आमटीत मीठ किती ते सांगत. बोलण्यात त्या भित्र्या मुळीच नव्हत्या. वीज मंडळाचा माणूस त्यांच्या शेडपाशी आवाज खाली करून बोले.

यंदा त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखणं उजव्या बरगडीखालून पाठीत जाई आणि वन्सं मशीनवर कपाळ टेकून बसत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पित्ताशय काढायला हवं. एखादा खडा वाटेत अडकला किंवा आत पू झाला, तर जिवावर बेतेल. शस्त्रक्रिया नव्या रुग्णालयात होणार होती. इमारत पक्की, तीन मजली, शस्त्रक्रियागृह दुसऱ्या मजल्यावर.

वन्संना राजी करायला बाईंना सारा उन्हाळा लागला. इमारतीच्या खांबांत किती सळ्या आहेत हे त्यांनी अभियंत्याकडून वदवून घेतलं. शेवटी वन्सं एका अटीवर तयार झाल्या.

"खाट बोल्टखाली हवी. शुद्ध आली की डोळे उघडून आधी तोच दिसायला हवा. तुझं तोंड नंतर बघेन."

"ठरलं," बाई म्हणाल्या. वॉर्डाच्या छतालाही बोल्ट होता आणि तिथल्या सिस्टर गावातल्याच होत्या. त्यांनी हसून खाट राखून ठेवली.

आणि मग, वन्सं दाखल व्हायच्या आठवड्यात, वॉर्ड पळाला.

झालं ते असं. त्या दुपारी वॉर्डातलं वातानुकूलन यंत्र पहिल्यांदाच पूर्ण जोरावर सोडलं गेलं. बोल्ट डोलू लागला. एका रुग्णानं पाहिलं, मोठ्यानं म्हटलं, "बोल्ट हाललाय," आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळे उठले. किंचाळणं नाही, ढकलाढकल नाही. ज्यांना चालता येत होतं त्यांनी न चालणाऱ्यांना धरलं, सलाईनच्या बाटल्या हातांत उंच धरल्या, आणि सारा वॉर्ड जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूनं रांगेत उतरून पटांगणात उभा राहिला. तिथं जमीन ढिम्म होती. हर्नियाची शस्त्रक्रिया दोनच दिवसांपूर्वी झालेल्या एका पोस्टमननं शेजाऱ्याला जवळजवळ उचलून आणलं होतं. त्याचे टाके तुटले आणि त्याला पुन्हा शिवावं लागलं.

रुग्णालयाचे अधीक्षक बाहेरगावचे. त्यांनी संध्याकाळच्या आत आदेश काढून वॉर्डाच्या भिंतीवर चिकटवला: 'रुग्णालयाच्या आवारात कोणत्याही प्रकारची टांगती वस्तू लावण्यास सक्त मनाई आहे.' सलाईनच्या बाटल्यांचं काय करायचं, याबद्दल आदेश गप्प होता. बोल्ट काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले गेले.

वन्संना ही बातमी बाईंच्या आधी कळली. शेडच्या दारात बाईंची सावली पडताच त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, "तारीख रद्द कर."

"वन्सं—"

"खडे माझे आहेत. बारा वर्षं उरावर धोंडा घेऊन जगलेच ना? त्यात हे चार बारीकसारीक."

*

मनाच्या डॉक्टरांची खोली तळमजल्यावर होती. 'मनाच्या डॉक्टर' हे नाव गावानं दिलेलं. मानसिक आरोग्याच्या एका सरकारी कार्यक्रमातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या त्या तरुण बाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या, शांत बोलत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत. आदेशामागे त्यांचाही सल्ला होता, हे त्यांनी लपवलं नाही.

"बाई, तुम्ही शास्त्राच्या आहात, म्हणून सरळ सांगते. भीती वाटली की तपासायचं, तपासलं की बरं वाटायचं. हे बरं वाटणंच भीतीला खायला घालतं. कुलूप दहादा ओढून बघणारा माणूस अकराव्यांदा जास्तच घाबरतो. हे माझं मत नाही, यावर अभ्यास आहेत."

"वाचलेत मी. कुलपांवर आहेत. बोल्टवर एकही नाही," बाई म्हणाल्या. "शिवाय कुलूप ओढणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. इथं जमीन अधूनमधून खरोखर हलते. गेल्या हिवाळ्यात हलली, तेव्हा तुम्ही इथंच होतात."

"होते. टेबलाखाली." डॉक्टर हसल्या, पण विषय सोडला नाही. "मी तुमच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर गेले होते. वाऱ्यानं खिडकी आपटली आणि सगळ्या मुलांनी एकदम वर पाहिलं. बाई, ती मुलं भूकंपानंतर जन्मलीत. त्यांना हे कुणी शिकवलं?"

हा मुद्दा बाईंनी स्वतःशीही टाळला होता.

"ते मलाही आवडत नाही," त्या अखेर म्हणाल्या. "त्यातलं कुणी पळालं?"

"नाही. वर पाहिलं आणि पुन्हा लिहू लागली."

"मग हे चांगलं की वाईट?"

"सांगता येत नाही."

"मलाही नाही."

डॉक्टरांनी दुसरी बाजू मांडली. शेजारच्या भूकंपग्रस्त गावांतून त्यांच्याकडे माणसं येतात; वर्षानुवर्षं झोप नसलेली, दारू लागलेली, घरात कुणाला न सांगता चोरून येणारी. या गावातून जवळपास कुणीच येत नाही. "लाज वाटते लोकांना," त्या म्हणाल्या.

"किंवा ते एकमेकांकडे जातात."

"तुमच्याकडे पुरावा आहे?"

"नाही. तुमच्याकडे?"

दोघींकडेही तुलनेसाठी दुसरं, अगदी तसंच पण बोल्ट नसलेलं गाव नव्हतं. दोघींनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं. प्रश्न मात्र होता तिथंच राहिला. डॉक्टरांनी सुचवलं, ते वाजवी होतं: शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलावी, वन्संनी आधी त्यांच्याकडे यावं, एक दिवस पायरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत, असं हळूहळू आत यावं, बोल्टशिवाय.

बाईंनी हा निरोप शेडमध्ये पोचवला. वन्संनी सुई तोंडात धरून तो शेवटपर्यंत ऐकला, मग सुई काढली.

"म्हणजे आधी मन धुवायचं, वाळत घालायचं, इस्त्री करायची, आणि मग पोट कापायला न्यायचं? वहिनी, मी गिऱ्हाइकाला असं सांगते का, आधी बारीक हो, मग ये, मग तुझा शर्ट शिवते? आहे त्या मापाचा शिवते. मी आहे ही अशी आहे. या मापाची शस्त्रक्रिया करता येत असेल तर करा म्हणावं, नाहीतर दुकान बंद करा."

"त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही."

"मग तू त्यांच्याकडे जा. तुला गरज आहे."

"मला?"

"गुडघा," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा कॉलरकडे वळल्या.

बाईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. शाळेत त्यांचे सगळे तास तळमजल्यावर असत. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर बांधली गेली तेव्हा गुडघ्याचं कारण सांगून बाईंनी कपाटं खाली ठेवून घेतली होती. बाजारात जाताना याच गुडघ्यानं त्या वन्संना मागे टाकत.

त्याच आठवड्यात वन्संना कळ आली, ती तीन दिवस उतरली नाही. डोळे पिवळट दिसू लागले. बाईंचा नवरा एरवी घरात शब्द विकत घेऊन बोलल्यासारखा बोले. तो बहिणीजवळून उठून आला आणि म्हणाला, "ताईचा सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. तुझ्या शास्त्रात काही असेल तर आत्ता काढ."

*

बाई सकाळीच रुग्णालयात गेल्या. वॉर्ड बघायचा होता, पण तो पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या तळाशी उभं राहून त्यांनी सिस्टरला खाली बोलावलं, हातात दोऱ्याचा हातभर तुकडा दिला आणि बोल्टच्या जागी तो उंच धरून यायला सांगितलं. सिस्टर परत आल्या त्या तावातावानंच.

"बाई, दोरा आडवा झाला! अगदी आडवा! थंड हवेचं तोंड बरोबर त्या हुकावर आहे."

"म्हणजे बोल्ट खोटं बोलला नाही. आपण त्याला वाऱ्यात टांगून जमिनीबद्दल विचारलं."

"आणि शिक्षा कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी," सिस्टर म्हणाल्या.

शाळेच्या कपाटात वायू गोळा करायच्या उंच काचेच्या बरण्या होत्या. बाईंनी त्यातली सर्वांत उंच घेतली, बुचाला मधोमध भोक पाडून दोरा ओवला, बोल्ट सोडला, बूच मेणानं बंद केलं. दोरा आखूड झाल्यामुळे उपकरण आधीपेक्षाही सुमार झालं होतं, पण वारा त्याला शिवू शकत नव्हता. त्यांनी बरणीवर टेबलपंखा सोडून पाहिला. बोल्ट हलला नाही. टेबलाला हलकेच धक्का दिला. हलला.

ती बरणी मांडीवर घेऊन वन्सं रुग्णालयाच्या पटांगणात, छताच्या सावलीच्या बरोबर बाहेर, स्टूल टाकून बसल्या. चेहरा पिवळा, कपाळावर घाम.

"मी आले आहे," त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं. "आत कळव. शस्त्रक्रियेची बाई आली आहे, बरणीसकट."

अधीक्षक खाली आले. मागोमाग मनाच्या डॉक्टर आल्या. दुकानातल्या दोघी शिवणाऱ्या आधीच वन्संच्या मागे उभ्या होत्या. वाटेवरचे चौघे थांबले. आणि वॉर्डातून उतरून, एक हात पोटावर धरून, टाके तुटलेला पोस्टमन आला.

"हे पाहा," अधीक्षक बाईंना म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित आहात. या अंधश्रद्धेपायी पेशंटचे टाके तुटले."

"टाके माझे तुटले," पोस्टमन म्हणाला. "आणि तक्रार तुम्हीच करताय."

"तुम्ही वर जा!"

"जातो. जरा श्वास घेतो. दोनदा शिवलंय मला."

लोक हसले. बाईंनी हसू संपू दिलं.

"अंधश्रद्धा कधी चुकत नाही, साहेब. ताईत घाला, काही झालं नाही तर ताइतामुळे, झालं तर तुमच्या कर्मामुळे. हा बोल्ट चुकला. चुकला हे आपल्याला कळलं, का चुकला तेही कळलं. तुमच्या यंत्राचा झोत त्याच्यावर होता, सिस्टरनी दोरा धरून पाहिलंय. जे चुकू शकतं आणि ज्याची चूक सापडू शकते, त्याला आमच्या विषयात उपकरण म्हणतात. रक्तदाबाचं यंत्र एकदा चुकलं तर तुम्ही त्याचा पट्टा बदलता. रक्तदाब मोजायला बंदी घालत नाही."

"त्या दिवशी पॅनिक झालं होतं—"

"झाली ती चूक. पॅनिक नाही. एकही माणूस जिन्यावर पडला नाही. तुमच्या अग्निशमनाच्या सरावात किती पडले होते?"

अधीक्षक उत्तर द्यायला गेले, पण स्टुलावरून आवाज आला.

"साहेब, माझं ऐका, मला फार बोलवत नाही." वन्सं बरणीला टेकून सरळ झाल्या. "तुम्ही म्हणता, भीती सोडून आत ये. ही भीती मी हौसेनं आणलेली नाही. तिच्यासोबत मी दुकान काढलं, दोघींना पोटाला लावलं, तुमच्या खाटांवरच्या चादरी शिवल्या. तिला सांभाळून जगायची आमची एक रीत आहे. ती तुम्हाला हास्यास्पद वाटते, वाटू दे. मला बरं करायचं असेल तर हिच्यासकट करा. नाहीतर मी इथंच बसते. मेले तर तुमच्या आवारात, पण आदेशाबाहेर. छताला टांगलेली नाही ही वस्तू. मांडीवर आहे."

अधीक्षकांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्या बरणीकडे बघत होत्या. वन्संच्या कापऱ्या मांडीवर बोल्ट हलकासा डोलत होता.

"माझी एक अट," डॉक्टर म्हणाल्या. "बघण्याआधी अंदाज सांगायचा. मोठ्यानं. 'जमीन' की 'मी'. मग बघायचं. दर वेळी."

"म्हणजे पैज?" पोस्टमननं विचारलं.

"हवं तर पैज म्हणा."

बाईंनी डॉक्टरांकडे नव्यानं पाहिलं. आधी भाकीत, मग निरीक्षण. आपण वर्गात गळा सुकेपर्यंत हेच सांगतो, आणि बोल्ट टांगताना नेमकं हेच सांगायचं राहिलं.

"मान्य," वन्सं म्हणाल्या. "आणि माझीही एक अट. मला भूल दिल्यावर मी बघणार कशी? कुणीतरी दाराबाहेर बरणीपाशी बसायला हवं. वहिनी बसेल."

"दुसऱ्या मजल्यावर?" बाईंच्या तोंडून गेलं. "माझा गुडघा—"

"लग्नानंतर पहिली तीन वर्षं तू रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचीस. गाणी म्हणत जायचीस, बेसूर. गुडघा भूकंपात मोडला का?" वन्सं उठल्या. "मी जातेय आत. तू येतेस की उंटावरून शेळ्या हाकतेस?"

*

अधीक्षकांनी परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. ते फोन घ्यायला आत गेले आणि तो फोन लांबला.

लिफ्ट वन्संनी नाकारली. चाकाची खुर्ची जिन्यावर निरुपयोगी. एका बाजूनं सिस्टर, दुसऱ्या बाजूनं बाई, आणि बरणी वन्संच्या स्वतःच्या हातात. छताच्या सावलीच्या रेषेपाशी वन्सं थांबल्या. त्यांचा दंड बाईंच्या हातात होता. तो दगडासारखा झाला. मग त्यांनी चप्पल नीट केली, जणू थांबण्याचं कारण तेच होतं, आणि पाऊल आत टाकलं.

चढताना बोल्ट बरणीच्या काचेवर टणटण आपटत होता. प्रत्येक वळणावर वन्संनी बरणी जमिनीवर ठेवली, बोल्ट स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, मगच पुढची पायरी घेतली. मागून येणारी माणसंही थांबत होती. कुणी घाई केली नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर वन्संनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"मी तुम्हाला विचारायचं ना?"

"माझं मला माहीत आहे. तुझ्या मिशीवर घाम आलाय."

"मला मिशी नाही."

"घाम आलाय तिथं असती तर."

शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी सिस्टरनी वन्संना आत घेतलं. जाताना वन्संनी बरणी बाईंच्या हातात दिली, आपली कात्री दुकानातल्या नव्या मुलीच्या हाती द्यावी तशी, मूठ लवकर न सोडता.

बाईंनी बरणी बाकावर ठेवली आणि शेजारी बसल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मनाच्या डॉक्टर येऊन बसल्या. समोर खिडकी होती. तिच्यातून झाडांचे शेंडे दिसत होते. झाडांचे शेंडे वरून दिसतात, हे बाई विसरून गेल्या होत्या.

कुठंतरी ढकलगाडी गेली. मग शांतता. आणि मग बाकाखालून, अगदी ओळखीची, मऊ, आडवी अशी एक लाट आली. बाईंचे पाय आपोआप अंगाखाली गोळा झाले. जिना उजवीकडे, भिंतीची बाजू धरायची, हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं. दाराआड वन्सं बेशुद्ध होत्या आणि उठू शकत नव्हत्या.

बाईंनी बाकाची कड धरली. वर्गातल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अंदाज: जमीन."

मग पाहिलं.

बोल्ट सरळ रेषेत लोंबत होता. काचेच्या मधोमध, मख्ख.

"मी," बाई म्हणाल्या. "मी हलले."

डॉक्टरांनी वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काहीच जाणवलं नव्हतं. किती वर्षं होतं हे?"

"पहिल्यापासून."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"मला कुणी विचारलंच नाही. सगळे बोल्टला विचारत होते." बाईंनी पदरानं वरचा ओठ पुसला. "ही या पद्धतीतली दुसरी त्रुटी. लिहून घ्या तुमच्या अभ्यासात. पण पद्धत टाकू नका."

"खाली जायचंय?"

"नाही."

लाट आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा बाईंनी अंदाज सांगितला. दुसऱ्यांदा त्या 'मी' म्हणाल्या आणि बरोबर ठरल्या. तेव्हा त्यांना फारसं बरं वाटलं नाही, पण गंमत वाटली, आणि गंमत वाटल्याची नोंद त्यांनी मनात घेतली. त्या बसून राहिल्या. दार उघडून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाहेर आल्या, मास्क खाली ओढून म्हणाल्या, "झालं. सगळं नीट झालं. वेळेवर आणलंत." मग त्यांची नजर बरणीवर गेली. "हे काय आहे?"

"सुमार भूकंपमापक," बाई म्हणाल्या.

वन्संनी डोळे उघडले तेव्हा उशाशी बरणी होती आणि तिच्या काचेतून बाईंचं तोंड लांबट दिसत होतं. वन्संच्या ओठांना कोरड पडली होती.

"काय म्हणाला?"

"अंदाज सांगा आधी."

"अगं मेले," वन्सं पुटपुटल्या. "बरं. गप्प होता."

"गप्प होता. मी हलले, तीनदा."

वन्संना हसू आलं, टाक्यांवर ताण पडला, त्या कळवळल्या आणि तरी हसतच राहिल्या. "शास्त्रवाल्या बाई हलल्या! अख्ख्या गावाला बसवलं आणि स्वतः उभ्या! पळालीस?"

"नाही."

"का?"

"तुम्ही आत होतात."

वन्सं थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या. पांढरं, सपाट, पुष्कळ जड छत. "उद्यापासून शाळेत वरच्या मजल्यावर तास घे," त्या म्हणाल्या. "बरणी हवी तर ने. माझी नको, तुझी तू कर."

अधीक्षकांचा आदेश भिंतीवर तसाच राहिला. तो मागे घेतल्याचं कुणी कधी सांगितलं नाही. पावसाळा संपेपर्यंत त्याच्याखालच्या फळीवर बरण्यांची रांग लागली होती. सिस्टर सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसत, आणि पुसण्याआधी प्रत्येक खाटेला विचारत, "अंदाज?"